दहावीचे गणित सहावीत अडते

जानेवारी उजाडला की चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत दोन हालचाली एकाच वेळी सुरू होतात. धानाची मळणी आटोपलेली असते, गावात हाताला काम उरलेले नसते, आणि सावली, मूल, गोंडपिपरी, चामोर्शी या भागांतून कुटुंबेच्या कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणाकडे निघतात. त्याच आठवड्यांत शाळांमधून दहावीच्या सराव परीक्षा लागतात. ज्या दीड-दोन महिन्यांत मुलाने शांत बसून उजळणी करायची, त्याच काळात घरात मोठे माणूस नसते. धाकट्या भावंडांना सांभाळणे, स्वयंपाक, गुरे ही सगळी कामे दहावीतल्या मुलीवर किंवा मुलावर येऊन पडतात. काही मुले स्वतःच तोडणीला जातात. मग मार्च लागतो, पहाटे मोह वेचायला जायचे दिवस येतात, आणि त्याच सुमारास गणिताचे दोन पेपर असतात.

या परिस्थितीत गणिताची उजळणी कशाच्या आधारावर करायची, हा इथल्या शिक्षकांचा आणि पालकांचा खरा प्रश्न आहे. पालक आपल्या परीने उत्तर शोधतात. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, आलापल्ली किंवा देसाईगंजच्या दुकानातून गाइड आणले जाते, अपेक्षित प्रश्नांचा संच आणला जातो. तोडणीच्या मजुरीतले पैसे त्यात जातात. पुस्तक घरी येते, पहिली चार-सहा पाने सोडवून होतात आणि तिथेच थांबते. मुलगा आळशी आहे असा निष्कर्ष निघतो. माझे म्हणणे असे आहे की तो निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. मुलगा थांबतो, कारण त्या पुस्तकाला तो कुठे अडला आहे हे माहीत नसते. ते दहावीपासून सुरू होते आणि मुलाची अडचण सहावीत असते.

पेपर काय मागतो

आधी परीक्षेकडे पाहू. बालभारतीचे दहावीचे सध्याचे गणित २०१८ मध्ये आले. भाग १ मध्ये दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी आहे. भाग २ मध्ये समरूपता, पायथागोरसचे प्रमेय, वर्तुळ, भौमितिक रचना, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन. दोन्ही भागांचे लेखी पेपर प्रत्येकी ४० गुणांचे, दोन-दोन तासांचे. उरलेले २० गुण शाळेतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे. शंभरपैकी ३५ गुणांना उत्तीर्ण.

या ४० गुणांची मांडणी नीट पाहिली तर एक आशादायक गोष्ट दिसते. पहिल्या प्रश्नात चार गुण बहुपर्यायी उत्तरांना आणि चार गुण एका-एका गुणाच्या सोप्या उदाहरणांना आहेत. दुसऱ्या प्रश्नात चार गुण आणि तिसऱ्यात तीन गुण ‘कृती पूर्ण करा’ या प्रकाराला आहेत. या कृतीत उदाहरण सोडवून दिलेले असते, मधल्या काही चौकटी तेवढ्या रिकाम्या असतात. म्हणजे ४० पैकी १५ गुण असे, जिथे संपूर्ण वाट स्वतः काढावी लागत नाही; दाखवलेल्या वाटेवर पाय ठेवता आला तरी पुरते.

कृतीचा हा प्रकार केवळ गुण मिळवून देण्यापुरता नाही. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात दाखवले की बीजगणितात नवख्या मुलांना नुसती उदाहरणे सोडवायला देण्यापेक्षा सोडवलेली उदाहरणे अभ्यासायला दिली तर ती अधिक लवकर शिकतात. अर्धे सोडवलेले उदाहरण पूर्ण करायला देणे हा त्याचाच पुढचा टप्पा. आपल्या प्रश्नपत्रिकेत हे साधन तयार आहे. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढल्या की कृतींचा मोठा साठा हाताशी येतो. शिक्षकाने एवढेच करायचे की आज दोन चौकटी रिकाम्या ठेवायच्या, चार दिवसांनी त्याच उदाहरणात चार ठेवायच्या आणि पंधरवड्याने पूर्ण कोरा कागद द्यायचा. याला इंटरनेट लागत नाही, खडू पुरतो.

अडते कुठे

अंकगणिती श्रेढीचे साधे उदाहरण घ्या. पहिले पद १२, सामान्य फरक उणे ५. पहिली पाच पदे लिहा. मूल १२, ७, २ असे झरझर लिहिते आणि थांबते. कोणी पुढे ३ लिहिते, कोणी म्हणते की श्रेढी संपली. उत्तर उणे ३ आणि मग उणे ८. या मुलाला श्रेढी समजलेली आहे. दर वेळी पाच वजा करायचे हे त्याला कळले आहे. त्याचे अडते शून्याच्या पलीकडे जाताना. पूर्णांक संख्यांची बेरीज-वजाबाकी हा सहावीचा पाठ आहे. दहावीच्या गाइडमधली श्रेढीची आणखी पन्नास उदाहरणे त्याला दिली तर तो पन्नास वेळा त्याच जागी अडेल.

वर्गसमीकरणाचेही तसेच. अवयव पाडणे आठवीत आहे, वर्गविस्तार सातवीत, पूर्णांकांचा गुणाकार सातवीत, पूर्णांकांची बेरीज सहावीत. समरूपता आणि त्रिकोणमिती गुणोत्तरावर उभी आहे, आणि गुणोत्तर-प्रमाण सहावीत आहे. सांख्यिकीतला मध्य काढताना मूल चुकते ते दशांश अपूर्णांकांच्या गुणाकारात, तोही सहावीत. महत्त्वमापनातले शंकू आणि गोल अवघड वाटतात, पण खोदून पाहिले तर अडचण अपूर्णांकाला अपूर्णांकाने भागण्याची असते. पुन्हा सहावी.

असा उलटा नकाशा एका पानावर मावतो. डावीकडे दहावीचे प्रकरण, मध्ये त्याला लागणारी मागची कौशल्ये, उजवीकडे ती कोणत्या इयत्तेच्या पुस्तकात आहेत. उजळणीसाठी याहून उपयोगी साधन मला माहीत नाही, आणि प्रत्येक गणित शिक्षक तो एका संध्याकाळी स्वतः तयार करू शकतो.

हा प्रश्न फक्त जंगलातल्या शाळांचा आहे असे मात्र कोणी समजू नये. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२३ च्या पाहणीत देशातल्या २८ जिल्ह्यांतली १४ ते १८ वयोगटातली ग्रामीण मुले तपासली गेली. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे उदाहरण त्यांतल्या सुमारे ४३ टक्क्यांनाच बरोबर जमले. भागाकार येत नाही आणि वर्ग मात्र दहावी-अकरावीचा, अशी अवस्था देशभर आहे. इथे फरक एवढाच की शहरातल्या मुलाला ती उणीव शिकवणीत भरून काढता येते. कोरचीतल्या किंवा भामरागडच्या मुलाला शाळा सोडून दुसरे दार नसते.

रद्दीत जाणारा खजिना

आता साधनांकडे येऊ. पहिले साधन गावातच असते. पहिली ते आठवीच्या मुलांना पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. वर्ष संपले की ती घराच्या माळ्यावर जातात किंवा वजनावर विकली जातात. सहावी, सातवी आणि आठवीची गणिताची पुस्तके दहावीच्या प्रत्येक वर्गात पाच-पाच प्रती असतील तर त्या वर्गाचे निम्मे काम झाले असे मी म्हणेन. पुस्तके मिळाली नाहीत तर बालभारतीच्या संकेतस्थळावरून ती विनामूल्य उतरवून घेता येतात. १९६७ पासून ही संस्था राज्यासाठी पुस्तके तयार करते आहे. गणिताच्या समितीवर मंगला नारळीकरांसारख्या व्यक्तींनी काम केले. नारळीकरांचे ‘गणितगप्पा’ हे पुस्तकही शाळेच्या ग्रंथालयात असावे असे आहे. गणिताला घाबरणाऱ्या मुलाशी कसे बोलावे हे त्यातून शिक्षकालाही उमगते.

दुसरे साधन ‘सेतू अभ्यास’. करोनाच्या काळात शाळा बंद राहिल्यानंतर राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने १ जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा हा अभ्यासक्रम राबवला. त्याची रचना नेमकी आपल्याला हवी तशी आहे: प्रत्येक इयत्तेच्या मुलाला मागच्या इयत्तेची कौशल्ये रोजच्या कृतिपत्रिकांतून पुन्हा करायला लावायची आणि मधेमधे चाचणी घ्यायची. करोना सरला आणि बहुतेकांच्या संगणकातल्या त्या फाइल्स विसरल्या गेल्या. त्या बाहेर काढायला हव्यात. मुलाला वर्गात न बसताही त्यातली एक पत्रिका अर्ध्या तासात करता येते. तोडणीला गेलेल्या मुलाच्या पिशवीत त्या पत्रिकांची छापील गड्डी जाऊ शकते.

तिसरे साधन परिषदेनेच दहावीसाठी काढलेली प्रश्नपेढी. प्रकरणवार प्रश्न, गुणांच्या प्रकारानुसार लावलेले. गाइडमध्ये जे विकत मिळते त्यातले बरेच काही इथे फुकट आहे. फक्त प्रश्नपेढीचा उपयोग शेवटी करायचा. ज्याला पूर्णांकांची वजाबाकी येत नाही त्याच्यापुढे प्रश्नपेढी ठेवणे म्हणजे पुन्हा त्याला तोंडघशी पाडणे आहे.

मागे जाण्यात एक नाजूक गोष्ट आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला सहावीचे पुस्तक उघडायला लाज वाटते. आश्रमशाळेच्या वसतिगृहात तर खालच्या वर्गातली मुले शेजारीच बसलेली असतात. यावर उत्तर देवळालीच्या एका शाळाशिक्षकाकडे आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी आयुष्यभर शाळेत शिकवले आणि आकड्यांशी खेळता खेळता ६१७४ ही संख्या शोधली. कोणतेही चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. त्यांची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करा आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तराचे पुन्हा तेच. ३, ५, २, ४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७; मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२; मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. इथून पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येते, आणि कुठूनही सुरुवात केली तरी सात पायऱ्यांच्या आत तिथे पोचता येते. हातच्याची वजाबाकी पक्की करायला याहून चांगला सराव नाही, आणि ती करताना मूल लहान मुलांचा अभ्यास करत नसते, ते जगाने दखल घेतलेल्या एका गणिती शोधाची पडताळणी करत असते. मुलाचा मान राखून त्याला मागे नेणारे साधन ते चांगले साधन.

पडद्यावरचे गणित

मोबाइलवर गणित शिकवणाऱ्या चित्रफितींची आज ददात नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या सरकारी व्यासपीठावर पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड टिपून जाता येते. खान अकादमीचे गणित मराठीतही उपलब्ध आहे. भूमितीसाठी जिओजिब्रा हे विनामूल्य सॉफ्टवेअर आहे. वर्तुळावरचा बिंदू त्याच कंसावर सरकवला की आंतरलिखित कोन तोच राहतो हे मूल स्वतः पाहू शकते. तेलुगू वाचणाऱ्या सिरोंच्याच्या शिक्षकांना आणि हिंदी सहज वाचणाऱ्या कोरची-कुरखेड्याच्या शिक्षकांना आणखी एक साठा खुला आहे: टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘क्लिक्स’ उपक्रमात शेजारच्या तेलंगणा आणि छत्तीसगडसाठी भूमिती आणि प्रमाण या विषयांचे पाठ तयार झाले होते.

अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली नेटवर्कची. एटापल्ली, भामरागड, जिवती या तालुक्यांत टेकडीवर किंवा ठरावीक झाडाखाली उभे राहिले तरच फोन लागतो अशी गावे आहेत. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड जगापासून तुटते. म्हणून इथल्या शिक्षकाने साधन निवडताना पहिला प्रश्न हा विचारावा की ते उतरवून ठेवता येते का. दीक्षावरचा बराच मजकूर ठेवता येतो, जिओजिब्रा संगणकात बसवता येते, चित्रफिती पेनड्राइव्हवर नेता येतात. आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याला आलेला शिक्षक महिन्याभराचे साहित्य घेऊन परत जाऊ शकतो. हवे तेव्हा चालणारे इंटरनेट गृहीत धरून आखलेली कोणतीही योजना इथे टिकत नाही.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. १९७३ मध्ये स्टॅनली एर्लवँगर या संशोधकाने अमेरिकेतल्या बेनी नावाच्या सहावीतल्या मुलाची गोष्ट प्रसिद्ध केली. बेनी स्वतःच्या गतीने पत्रिका सोडवून पुढे जाण्याच्या पद्धतीत शिकत होता. उत्तरपत्रिकेशी उत्तरे जुळवायची आणि पुढे सरकायचे. त्याचे गुण चांगले होते. एर्लवँगर त्याच्याशी बोलत बसले तेव्हा कळले की दोन दशांश या अपूर्णांकाचे दशांश रूप तो १.२ असे काढतो: अंश आणि छेद यांची बेरीज करायची आणि मधे टिंब द्यायचे. असे कितीतरी नियम त्याने मनाने तयार केले होते, आणि पद्धत त्याला पुढे ढकलत राहिली होती, कारण तू हे कसे केलेस असे त्याला कोणी विचारलेच नव्हते.

आजच्या बहुपर्यायी ॲपमध्ये असे बेनी रोज तयार होत असतील. पडदा बरोबर किंवा चूक एवढेच सांगतो. चित्रफीत संपते तेव्हा मुलाला सगळे समजल्यासारखे वाटते, पण हात हललेला नसतो. म्हणून चित्रफीत पाच मिनिटांची दाखवावी, मध्येच थांबवावी, पुढची ओळ मुलांना वहीत लिहायला सांगावी आणि मग पुढे न्यावी. आणि आठवड्यातून एकदा प्रत्येक मुलाला एक उदाहरण तोंडाने सोडवायला लावावे. हे जगातल्या कुठल्याही ॲपपेक्षा स्वस्त आहे आणि याला पर्याय नाही.

जंगलात चाललेले गणित

या दोन जिल्ह्यांत गणित पुस्तकाबाहेर मोठ्या प्रमाणावर चालू असते. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडतात. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. म्हणजे गोणीत ७०,००० पाने. एखाद्या कुटुंबाने समजा दिवसाला २५० पुडे बांधले तर गोणी भरायला चार दिवस लागतात. संकलन केंद्रावर पुडे ओळीने मांडून मोजतात. सातवीतले मूल ती मोजणी पाहत मोठे होते. त्याच मुलाला वर्गात शेकडेवारी परकी वाटते, कारण वर्गातली शेकडेवारी कधी तेंदूच्या दराबद्दल बोलत नाही.

ग्रामसभांमुळे हे गणित आता वहिखात्यापर्यंत पोचले आहे. १९९६ चा पेसा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनंतर गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा बांबू आणि तेंदूचे लिलाव स्वतः करतात, पैसे स्वतःच्या बँक खात्यात घेतात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. १,८०० हेक्टर म्हणजे १८ चौरस किलोमीटर. एकक बदलण्याचे हे उदाहरण त्या भागातल्या मुलाला आयुष्यभर लक्षात राहील. वनहक्काच्या दाव्यासाठी जीपीएसने हद्द मोजतात तेव्हा निर्देशक भूमितीच गावाच्या शिवेवरून चालत असते. दहावीच्या अर्थनियोजनात शेअर आणि म्युच्युअल फंड आहेत. ते शिकवावेतच, पण आधी ग्रामसभेचे लिलावाचे कागद आणि पासबुक वर्गात आणावे. एका ठेकेदाराने गोणीमागे जास्त दर आणि दुसऱ्याने कमी दर पण आगाऊ रक्कम देऊ केली, तर गावाने कुणाला हो म्हणावे? हा दहावीच्या तोडीचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर चुकले तर गावाचे नुकसान होते.

महत्त्वमापनासाठी तर बल्लारपूरचे आणि आलापल्लीचे सागवान आहे. इथल्या लाकूड व्यवहारात ओंडक्याचे घनफळ काढायची जुनी रीत अशी: घेर मोजायचा, त्याचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. घेर २ मीटर आणि लांबी ७ मीटर असेल तर या रीतीने १.७५ घनमीटर येते. आता दहावीच्या पुस्तकातल्या वृत्तचितीच्या सूत्राने काढा. उत्तर सुमारे २.२३ घनमीटर येते. जुनी रीत खऱ्या घनफळाच्या साधारण साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच दाखवते. हा फरक कुठून आला? दोन्ही सूत्रे शेजारी लिहिली की कळते की गुणोत्तर नेहमी पायच्या चौथ्या भागाइतके, म्हणजे सुमारे ०.७८५ असते, ओंडका कितीही जाड, कितीही लांब असो. साल आणि चिराईत वाया जाणारे लाकूड वगळल्यावर हाती किती येईल, याच्या अंदाजाशी ही रीत जुळते. एका ओंडक्यात परीघ, क्षेत्रफळ, घनफळ, गुणोत्तर आणि बीजगणित, सगळे आले.

त्रिकोणमितीची सुरुवात मोहाच्या झाडाखाली करता येते. एक मीटर काठीची सावली ८० सेंटिमीटर पडली आणि त्याच वेळी झाडाची सावली १२ मीटर भरली, तर झाड १५ मीटर उंच. समरूप त्रिकोण फळ्यावर काढण्याआधी मुलांनी ते उन्हात मोजलेले असावेत. भूमितीसाठी अरविंद गुप्ता यांनी काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे वापरून त्रिकोण-चौकोन करायला शिकवले. त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकांचा मोठा संग्रह मोफत आहे. इथे तर बांबूच्या काड्यांना तोटा नाही. चौकोन हलतो, त्रिकोण हलत नाही, हे हाताला एकदा कळले की त्रिकोणाच्या एकरूपतेच्या कसोट्या पाठ कराव्या लागत नाहीत. गणित हाताने करून सगळ्या मुलांपर्यंत नेण्यासाठी विवेक माँटेरो आणि गीता महाशब्दे यांच्या ‘नवनिर्मिती’नेही दीर्घ काळ काम केले आहे.

कामातून शिकण्याची ही परंपरा इथून दूरची नाही. १९३७ मध्ये शेजारच्या वर्ध्यात भरलेल्या परिषदेतून नई तालीमची दिशा ठरली. सेवाग्रामच्या नई तालीम शाळेत शिकलेले डॉ. अभय बंग पुढे गडचिरोलीत काम करू लागले आणि आपल्या शाळेविषयी त्यांनी आवर्जून लिहिले. विदर्भाला ही शिकवण बाहेरून आणण्याची गरज नाही.

एक इशारा मात्र द्यायला हवा. ओंडका आणि तेंदू ही दारे आहेत. मुलाला त्या दारातून आत, कोरड्या बीजगणितापर्यंत न्यायचेच आहे. बोर्डाचा पेपर पुण्यातल्या आणि भामरागडच्या मुलाला एकच असतो. आदिवासी मुलांना फक्त जंगलाचे गणित पुरे असे म्हणणे हा त्यांच्यावर केलेला अन्याय ठरेल.

मुलाची भाषा, पेपरची भाषा

हेमलकशाला १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि १९७६ मध्ये शाळा. तेव्हापासून तिथे शिकवणाऱ्यांना जे ठाऊक आहे ते आज भामरागड-एटापल्लीतल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे: मुलाच्या घरची भाषा माडिया आणि पुस्तकाची मराठी. सिरोंच्यात घरी तेलुगू, मुलचेऱ्यात बंगाली, कोरचीत छत्तीसगडी, इतर भागांत गोंडी किंवा झाडीबोली. जिवती तालुक्यातल्या तेलंगणाच्या सीमेवरच्या, दोन्ही राज्ये हक्क सांगतात अशा गावांमध्ये तर दोन्ही राज्यांच्या शाळा आहेत.

या मुलांचे शाब्दिक उदाहरण गणिताआधी वाचनात अडते. त्यावर साधा उपाय म्हणजे प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला वीस-पंचवीस शब्दांची भिंतीवरची यादी: पद, फरक, छेदिका, जीवा, कर्ण, मूळ. शेजारी आकृती, आणि मुलांनीच सांगितलेला त्यांच्या भाषेतला अर्थ. दुसरा उपाय, उदाहरण वाचून ते सोडवू नका, फक्त तुमच्या भाषेत मित्राला सांगा असे सांगणे. ज्याला ते सांगता आले त्याचे अर्धे उदाहरण सुटलेले असते. मुलांनी एकमेकांशी माडियात केलेली चर्चा हा गोंगाट नव्हे, तो अभ्यास आहे.

वेळ कुठून आणायचा

उजळणीचे शास्त्र फार जुने आहे. शिकलेले किती झपाट्याने विसरते हे हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच मोजून दाखवले. २००७ मध्ये अमेरिकेतल्या डग रोरर आणि केली टेलर यांनी गणितासाठी एक उपयुक्त गोष्ट सिद्ध केली. एकाच प्रकारची उदाहरणे सलग सोडवणारे विद्यार्थी सराव करताना पुढे दिसतात, पण आठवड्याने परीक्षा घेतली तर वेगवेगळ्या प्रकारची उदाहरणे मिसळून सोडवणारे विद्यार्थी त्यांना बरेच मागे टाकतात. कारण मिसळलेल्या सरावात कोणती रीत लावायची हे दर वेळी ठरवावे लागते, आणि परीक्षेत नेमके तेच करायचे असते.

याचा अर्थ आपल्याकडे असा होतो की उजळणी जानेवारीत सुरू करायचीच नाही. ती जूनपासून, रोज तासाच्या पहिल्या दहा मिनिटांत व्हावी. पाच उदाहरणे: एक कालचे, एक मागच्या आठवड्यातले, एक मागच्या महिन्यातले आणि दोन सहावी-सातवीची. मुलांनी पुस्तक न उघडता सोडवायची. वर्षाला दोनशे दिवस शाळा भरली तर हजार उदाहरणे होतात आणि त्यांतली चारशे पाया पक्का करणारी असतात. मिरचीच्या दिवसांत मूल महिनाभर गेले तरी त्याच्या हाताशी सहा महिन्यांची पुंजी असते.

जादा तासांवर भिस्त ठेवणे इथे धोक्याचेही आहे. सिंदेवाही, मूल, सावली, ब्रह्मपुरी या पट्ट्यात वाघांचा वावर गावाच्या शिवेपर्यंत आहे; हिवाळ्यात पाच वाजता सुटलेल्या मुलीला सायकलवर जंगलातून घरी पाठवायला कोणताही समंजस शिक्षक तयार होत नाही. मानव विकास मिशनच्या बसने येणाऱ्या मुलींची वेळ बसवर ठरते. जे काही करायचे ते शाळेच्या वेळेतच बसवावे लागते.

गावात बसून अभ्यास करण्यासाठी जागाही हवी. गडचिरोली पोलिसांच्या ‘एक गाव, एक वाचनालय’ उपक्रमातून दुर्गम गावांत वाचनालये उभी राहिली आहेत. तिथे स्पर्धा परीक्षांची पुस्तके दिसतात. त्यांच्या शेजारी सहावी ते दहावीची गणिताची पुस्तके, सेतूच्या पत्रिका आणि मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका ठेवल्या पाहिजेत. पोलिस भरतीच्या परीक्षेतही अंकगणित असतेच. ते सहावी-सातवीचेच असते.

मोकळीक की हक्क

पूर्वी कच्च्या मुलांसाठी सामान्य गणिताचा पर्याय होता, तो नव्या अभ्यासक्रमात गेला. २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात वेगळी वाट सुचवली गेली: गणित आणि विज्ञानात किमान २० गुण मिळाले तरी, पुढे हे विषय घेता येणार नाहीत अशा शेऱ्यासह, मुलाला पुढच्या वर्गात जाऊ द्यावे. गणितामुळे शिक्षणच सुटणाऱ्या मुलांचा विचार यामागे आहे आणि तो सहृदय आहे. पण हा शेरा कोणाच्या गुणपत्रिकेवर उमटेल याचाही विचार करायला हवा. ज्या शाळेत गणिताचे पद रिक्त राहते, जिथे दहावीचे वर्ष मिरचीच्या शेतात अर्धे सरते, त्या शाळेच्या मुलांवर तो सर्वाधिक उमटेल. मग या दोन जिल्ह्यांतून परिचारिका, अभियंता, भूमापक, वनाधिकारी कुठून येणार? आपल्या जंगलाचा हिशेब स्वतः ठेवू लागलेल्या ग्रामसभांना तो हिशेब तपासणारे स्वतःचे मूल हवे आहे.

म्हणून शहरातल्या वाचकाला एक विनंती. या भागातल्या शाळेला काही द्यावेसे वाटले तर नवे गाइड आणि टॅबलेट देण्याआधी त्या शाळेच्या गणित शिक्षकाला विचारा की मुले कुठे अडतात. मग तुमच्या घरातली, इमारतीतली सहावी, सातवी आणि आठवीची जुनी गणिताची पुस्तके गोळा करा, सेतू अभ्यासाच्या पत्रिका छापून घ्या, कंपासपेट्या आणि मीटरच्या टेप द्या. शिक्षकांनी शाळा उघडल्याच्या पहिल्या आठवड्यात दहावीच्या वर्गाला सहावीच्या पातळीची वीस उदाहरणांची चाचणी द्यावी, गुण न देता फक्त अडलेल्या जागा टिपाव्यात आणि वर्षाची आखणी त्यावरून करावी. पालकांनी गाइडचे पैसे वाचवून मुलाला एक गोष्ट द्यावी: रोजचा अर्धा तास, ज्यात त्याला दुसरे काम सांगितले जाणार नाही. हे सारे स्वस्त आहे, आजच्या घडीला उपलब्ध आहे आणि कोणाच्याही मंजुरीवाचून येत्या जूनमध्ये सुरू होऊ शकते.